तारप्याचा श्वास

कार्तिक शुद्ध पंचमीचा दिवस व्यापारी जैन घरांत दुहेरी मोलाचा असतो. सकाळी पेढीवर लाभपंचमीचे मुहूर्त साधून नव्या चोपड्यांत पहिली नोंद होते. घरी आणि उपाश्रयात ज्ञानपंचमीनिमित्त ग्रंथ पाटावर मांडले जातात. त्यांची धूळ झटकली जाते, जुनी वेष्टने बदलली जातात, कसर लागलेली पाने वेगळी काढली जातात. मनोरसारख्या गावात या दिवसांना आणखी एक सोबत असते. भात कापून झालेले असते, खळ्यावर झोडणी चालू असते आणि महामार्गावरील वाहनांची गर्दी जरा ओसरली, की विक्रमगड-जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या पाड्यांकडून एक लांबलचक, न तुटणारा सूर ऐकू येतो. तो तारप्याचा सूर होय.

ज्या घरांनी हा सूर कधी ऐकला नाही, त्यांनीही त्याचे चित्र मात्र शेकडो वेळा पाहिलेले असते. गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी काढलेल्या बारीक कमरेच्या माणसांची ती वळत जाणारी साखळी आणि तिच्या मध्यभागी एक लांब वाद्य तोंडाला लावून उभा असलेला माणूस! लग्नपत्रिकांवर, चादरींवर, चहाच्या पेल्यांवर, विमानतळाच्या भिंतींवर हे चित्र दिसते. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कलमीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला घराच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली आणि ती जगभर पोहोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. अशा रीतीने चित्राला बाजारपेठ मिळाली, नाव मिळाले, भाव मिळाला. त्या चित्राच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाचा आवाज मात्र मागेच राहिला.

तो आवाज काढणारे वाद्य पाहण्यासारखे असते. वाळवून पोखरलेला भोपळा, त्याखाली बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्या नळ्यांच्या आत बांबूच्याच चिरून काढलेल्या पातळ जिभा, सांधे बुजवायला मेण, आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला मोठा कर्णा. एवढ्या सामग्रीत विकत घ्यावे असे जवळपास काहीच नाही. सारे रानातले आणि परसातले. गारुड्याच्या पुंगीशी त्याचे नाते आहे, पण आकार कितीतरी मोठा. एका नळीवर बोटे फिरून चाल उमटते, दुसरी तिला सुराची साथ धरून राहते. वादक श्वास घेण्यासाठी थांबत नाही. गालांत साठवलेली हवा तो वाद्यात सोडत असतो आणि त्याच क्षणी नाकाने नवी हवा आत घेत असतो. त्यामुळे सूर अखंड राहतो. हे कसब अंगी यायला वर्षे जातात आणि ते टिकवायला छाती शाबूत लागते.

तारपा एकट्याने ऐकायचे वाद्यही नव्हे. वादकाभोवती स्त्री-पुरुष हातात हात गुंफून फेर धरतात. फेर उलगडतो, पुन्हा गुंडाळला जातो, पण नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. वादकाने चाल बदलली की पाऊल बदलते. पाऊल थकले की वादकाला ते कळते. म्हणजे येथे वाद्यवृंद केवळ वाजवणाऱ्यांचा नसतो. नाचणाऱ्यांची पावले, जमिनीवर आपटणाऱ्या काठीचा खळखळाट, मध्येच उठणारी आरोळी ही सर्व त्या वृंदाचीच अंगे असतात.

२०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्मश्रीची यादी जाहीर झाली, तेव्हा तीत पालघर जिल्ह्यातील एक नाव होते : भिकल्या लाडक्या धिंडा. जव्हार तालुक्यातील वाळवंडे या गावचे हे तारपावादक. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे वाद्य त्यांनी आयुष्यभर वाजवले आणि स्वतःच्या हातांनी घडवलेही. सन्मान दारी आला तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती. ज्या वाद्यासाठी छातीतला श्वास हेच भांडवल लागते, त्याची दखल राष्ट्राने वादकाच्या आयुष्याच्या दहाव्या दशकात घेतली. दखल घेतली याचा आनंद मोठाच आहे. परंतु हिशेबाची सवय असलेल्या घरांत लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. या नव्वद वर्षांपैकी किती रात्रींचा आवाज कोठे जमा आहे?

संगीताच्या इतिहासात हा प्रश्न पुनःपुन्हा आलेला आहे. गोव्यातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांचे उदाहरण मराठी वाचकांना परिचित आहे. त्यांच्या भैरवीचे एक ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. जे मुद्रण ताऱ्यांच्या दिशेने निघाले, ते अवघे साडेतीन मिनिटांचे आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत असत, आणि तास दीड तास उमलत जाणारा राग तेवढ्यात बसवावा लागे. म्हणूनच त्या पिढीतील कलावंतांच्या प्रत्यक्ष मैफलींची मुद्रणे रसिक जिवापाड जपतात. तबकडीवर कलावंताची कला मिळते. मैफलीत तो कलावंत समोर बसलेल्या माणसांबरोबर काय करत होता, ते मिळते.

उतारवयातील मुद्रणांचे मोल आणखी निराळे असते. तरुणपणी दम मुबलक असतो, त्यामुळे सारे काही करून दाखवण्याचा मोह होतो. वय वाढले की श्वास मोजून खर्चावा लागतो. जे अनावश्यक ते गळते आणि जे उरते त्यात त्या कलेचा गाभा दिसतो. भांडवल कमी झालेला जुना व्यापारी ज्याप्रमाणे फक्त खऱ्या मालावरच पैसा लावतो, तसेच हे आहे. ऐकणाऱ्यास अशा मुद्रणात क्वचित एखादा सूर कापरा वाटेल. पण कोणती गोष्ट सोडून चालते आणि कोणती सोडून चालत नाही, हे शिकायचे असेल तर त्या मुद्रणासारखा गुरू नाही. तारप्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण त्याची स्वरलिपी लिहिलेली नाही. वादक गेला की त्याच्या चाली त्याच्याबरोबर जातात. लग्नाच्या मांडवात की-बोर्डवर तारप्यासारखा आवाज काढणारे वाद्यवृंद आता गावोगावी झाले आहेत. त्यांच्या यंत्रात सूर सापडतो, पण श्वास घेण्याची ती लपलेली लय सापडत नाही.

ज्यांच्याकडे जुन्या कॅसेटी आहेत, त्यांच्यासाठी तर वेळ फारच थोडा उरला आहे. चुंबकीय फितीवरील आवाज कायमचा नसतो. फितीवरचा थर दमट हवेत ओलावा शोषून चिकट होतो, आणि पालघरच्या किनारी पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा दमटच असते. त्याहून मोठी अडचण म्हणजे ती फीत वाजवणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे कारागीर दिसेनासे झाले आहेत. युनेस्कोने २०१९ मध्ये याविषयी जगाला सावध केले होते, आणि सुस्थितीतील यंत्रे मिळणे २०२५ च्या सुमारास दुरापास्त होईल असा तो इशारा होता. तो काळ आता उलटला आहे. शाळेच्या संमेलनाची, पाड्यावरच्या उत्सवाची, एखाद्या स्पर्धेची कॅसेट कपाटात पडली असेल, तर तिचे अंकीय रूपांतर यंदाच व्हायला हवे.

नवे मुद्रण करणे त्यामानाने सोपे आहे, मात्र ते हातातल्या फोनने सहज जाता जाता केले की फसते. फोनमधील व्यवस्था माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून घडवलेली असते. पंख्याची घरघर किंवा रस्त्याची गाज यांसारखा सतत चालणारा आवाज ती गोंगाट समजून दाबते. तारप्याचा सूर नेमका सतत चालणारा! त्यामुळे ज्यासाठी मुद्रण केले तेच पुसले जाते. पुढे ती चित्रफीत एकाकडून दुसऱ्याकडे पाठवताना दर वेळी आणखी आकसते. यापेक्षा एखादे साधे ध्वनिमुद्रक यंत्र वापरावे, आवाज न आकसवणाऱ्या स्वरूपात मुद्रण करावे, आणि ते यंत्र कर्ण्याच्या तोंडाशी न धरता फेराच्या कडेला, थोड्या अंतरावर उंचावर ठेवावे, म्हणजे सूर आणि पावले दोन्ही सापडतात. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट या मान्य दर्जाने दोन वाहिन्यांवर तासाभराच्या मुद्रणाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. अख्ख्या रात्रीच्या आठ तासांना आठ-साडेआठ गिगाबाइट पुरतात. मनोरच्या बाजारात मिळणाऱ्या बोटाच्या नखाएवढ्या कार्डात एक रात्र मावते आणि तरीही जागा उरते. खर्चाचे कारण येथे पुढे करता येत नाही.

खरी कसोटी पुढेच आहे, आणि ती व्यापारी घरांना अधिक जवळून स्पर्श करणारी आहे. या भागातील चोपड्यांचा व वारली कुटुंबांचा संबंध जुना आहे, आणि तो सर्वस्वी अभिमानाचा नाही. जमीनदार आणि सावकार यांच्या वह्यांत वारल्यांची नावे लिहिली गेली ती बहुधा कर्जाच्या बाजूला, अंगठ्याच्या ठशासह. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने धनकोच्या घरी राबायचे, या प्रथेला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागातील वारली या वेठीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकर यांनी तो सारा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. ज्या लेखणीने एके काळी घेणे तेवढे लिहिले, त्या लेखणीला आज देणे लिहिण्याची संधी आहे.

हे देणे लिहायचे म्हणजे काय करायचे? मुद्रणापूर्वी वादकाला आणि पाड्याला विचारायचे. काही चाली देवकार्याच्या असतात आणि त्या सर्वांसाठी खुल्या असतीलच असे नाही. न दिलेले घेऊ नये, हे जैन घरातील मुलाला लहानपणीच सांगितले जाते. आवाज उचलताना हात दिसत नाही, म्हणून तो नियम शिथिल होत नाही. मुद्रणासोबत वादकाचे पूर्ण नाव, पाडा, तिथी, प्रसंग, वाद्य कोणी घडवले ते, आणि कोणत्या अटींवर परवानगी मिळाली ते, हे सर्व लिहायचे. एक प्रत वादकाच्या कुटुंबाला द्यायची, एक स्वतःजवळ ठेवायची आणि एक दूरच्या सुरक्षित ठिकाणी. पुढे त्यातून कोणाला चार पैसे मिळाले, तर त्यातील वाटा वादकाच्या घरी पोहोचवायचा. पेढीवरील जमाखर्चाला जेवढी शिस्त लागते, तेवढीच येथेही लागते, आणि ती शिस्त या घरांइतकी दुसऱ्या कोणाच्या अंगी क्वचितच असेल.

नोंदीचे महत्त्व जैन समाजाला कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. जेसलमेर आणि पाटण येथील ज्ञानभांडारांत हजारो हस्तलिखिते शतकानुशतके सुरक्षित होती. तरीही मुनिश्री पुण्यविजयजींसारख्या विद्वान साधूंनी विसाव्या शतकात पोथ्या एकेक करून उघडल्या, विस्कटलेली पाने जुळवली आणि सूची सिद्ध केल्या, तेव्हाच तो ठेवा अभ्यासकांच्या हाती आला. सूचीवाचून भांडार म्हणजे कुलूप लावलेली खोली. नावावाचून मुद्रणाचीही तीच गत होते. वीस वर्षांनी कोणी ते ऐकले, तर एवढेच कळेल की कोठेतरी, कधीतरी, कोणीतरी काहीतरी वाजवत होते.

पोथी थांबू शकते. कपड्यात बांधून ठेवलेले ताडपत्र पुढच्या पंचमीपर्यंत वाट पाहते, त्याच्या पुढच्याही. तारप्याच्या कर्ण्याचे ताडाचे पान एवढी वाट पाहत नाही, आणि त्याच्या मागे उभी असलेली नव्वदीची छाती तर मुळीच नाही. मनोरच्या पेढीवर येत्या लाभपंचमीला नवा चोपडा उघडेल, तेव्हा रात्री दूरवरून तो सूर ऐकू आला, तर दुकानाची फळी लावून, पाड्यावर आधी कळवून, एखाद्या तरुणाने त्या दिशेने निघावे. फेराच्या कडेला उभे राहून प्रथम नुसते ऐकावे. वादकाचे नाव विचारावे. आणि परत आल्यावर नव्या चोपड्याच्या मागच्या कोऱ्या पानावर, जमेच्या बाजूला, ते नाव पूर्ण लिहावे.