मुरलेले पाणी

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. त्या संगमाभोवतीचा आमचा शिरोळ तालुका सखल, काळ्या मातीचा. २००५ चा महापूर मी घरी ऐकला. २०१९ आणि २०२१ चा डोळ्यांनी पाहिला. पुराची चर्चा पारावर होते, वर्तमानपत्रांत होते. परंतु पूर ओसरतो. जे पाणी मुरते त्याचे काय?

जितके पाणी तितका ऊस, असे समजून आम्ही सऱ्या तुडुंब भरल्या. काळ्या मातीला निचरा कमी. जमिनीतले पाणी वर चढले, उन्हाने ते उडून गेले आणि क्षार मागे राहिले. पाहता पाहता राने पांढरी पडली. आमच्या अर्ध्या एकरात वडील आता काहीच लावत नाहीत.

हा दोष नदीचा नाही, आमच्या हातांचा आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करता येतो; तालुक्यात काहींनी तो केलाही आहे. परंतु ते पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे तर शेजाऱ्याच्या रानातून वाट हवी. मित्रहो, वीतभर बांधासाठी कोर्टाची पायरी चढणारे आपण शेजाऱ्याला ही वाट देणार का? खरा प्रश्न पाण्याचा नाही, एवढाच आहे.