फूटपाथ मोकळे करा : मुदत ३० दिवस

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली.

नागपूर मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात शासनाने चारपर्यंत एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) दिला. फुकट दिला नाही. प्रीमियम घेतला. अटही घातली.

अट नियमावलीत छापलेली आहे. रस्त्याच्या बाजूला कुंपणभिंत चालणार नाही. समोरच्या सामासिक अंतरातली निम्मी जागा, किमान ३ मीटर, पादचाऱ्यांसाठी खुली राहील.

माणसे स्टेशनपर्यंत पायी येतील, रस्त्यावरची वाहने कमी होतील, या हिशेबावर इमारतींना उंची मिळाली. उंची उभी राहिली. पायी चालायची जागा उभ्या भिंतींनी गिळली.

आम्ही वर्धा रोड पाहिला. कामठी रोड पाहिला. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू पाहिला. नियमाने जी जागा आमची, तिथे लोखंडी ग्रिल आहे, जनरेटर आहे, पहारेकऱ्याची चौकी आहे, ग्राहकांच्या गाड्या आहेत. मे महिन्याच्या उन्हात म्हातारी माणसे स्टेशनचा जिना उतरतात आणि थेट वाहनांच्या गर्दीत पाय टाकतात.

मेट्रो २०१९ मध्ये धावू लागली. आम्ही थांबलो. पहिला टप्पा पुरा होऊ द्या, असे सांगण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये तोही लोकार्पित झाला. आम्ही तरीही थांबलो.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : अडथळा नसलेला फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे. त्यानंतर थांबण्याचे कारण उरले नाही.

इमारतींना परवानगी देणाऱ्यांनो, आजपासून ३० दिवस.

मेट्रोलगतच्या पट्ट्यात वाढीव एफएसआय घेतलेल्या प्रत्येक भूखंडाची यादी जाहीर करा. समोरची पट्टी मोजा, भिंत असेल तर पाडा. पट्टी खुली झाल्याशिवाय एकाही इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका.

आणि फेरीवाल्यांना हुसकावून कारवाई झाल्याचे दाखवू नका. त्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचे संरक्षण आहे. आमचे भांडण हातगाडीशी नाही. ते भिंतीशी आहे, आणि भिंतीकडे डोळेझाक करणाऱ्या सहीशी आहे.

एकतिसाव्या दिवशी आम्ही स्वतः टेप घेऊन निघू. मोजमाप, छायाचित्र आणि परवानगीचा क्रमांक त्या त्या इमारतीसमोर फलकावर लागेल. माहिती अधिकारातून मिळवलेल्या परवानग्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जातील. सही कोणाची, हे याचिकेत नावानिशी असेल.

प्रत्येक स्टेशनामागे आमची समिती आहे. माणसे ठरली आहेत. वकील ठरले आहेत.

त्याच सकाळी, ऑफिसच्या वेळेला, आम्ही स्टेशनांतून उतरून चालू लागू. जिथे फूटपाथ आहे तिथे फूटपाथवरून. जिथे नाही तिथे वर्धा रोडच्या डांबरावरून, एका रांगेत, सावकाश.

चर्चेचे निमंत्रण पाठवू नका. यादी पाठवा.