विलंबाने वाचविलेले सहा जीव

न्यायालयाने एकदा दोषी ठरविलेल्या माणसाविषयी शंका घेणे आपल्याकडे अप्रशस्त समजले जाते. त्या माणसाला फाशीची शिक्षा झालेली असेल, तर शंका घेणारा थेट खुन्याचा कैवारी ठरतो. ‘सत्र न्यायालयाने पाहिले, उच्च न्यायालयाने पाहिले, सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले, आता आणखी काय हवे?’ हा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकीतही मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका खटल्याने दिले आहे. दुर्दैव असे की ते आपण ऐकले आणि लगेच विसरूनही गेलो.

५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यात, झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडेखोरांची टोळी तुटून पडली. पैसे आणि दागिने लुटले गेले. घरातील एका स्त्रीवर आणि अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाले. पाच माणसे ठार झाली, दोन जण जबर जखमी होऊनही वाचली. या कृत्याचे वर्णन करायला शब्द अपुरे पडावेत, इतके ते अमानुष होते. हे आरंभीच सांगणे आवश्यक आहे. कारण पुढे जे घडले त्याचे मूळ या अमानुषतेच्या धसक्यातच आहे.

पोलिसांनी सहा जणांना पकडले. सहाही जण भटक्या जमातीतील, मोलमजुरीवर पोट भरणारे. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने त्या सर्वांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाचे अपील मान्य करून त्या उरलेल्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या कोठडीत धाडले. तीन पायऱ्या पूर्ण झाल्या. दोषसिद्धीवर कोणत्याही पायरीवर प्रश्नचिन्ह उमटले नाही. वाद झाला तो केवळ शिक्षेच्या मापाचा.

आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने, न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. शहा यांच्या पीठाने, सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडून दिले.

मधल्या दहा वर्षांत असे काय घडले होते? कोणी खऱ्या खुन्याने कबुली दिली नव्हती, कोणती नवी शास्त्रीय तपासणी झाली नव्हती. जो कागद निर्णायक ठरला, तो खटल्याइतकाच जुना होता. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, बचावलेल्या स्त्रीला पोलिसांनी जुन्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा अल्बम दाखविला होता. त्यातील चार जणांना तिने ओळखले होते आणि विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तशी नोंदही झाली होती. या चौघांत फाशीची शिक्षा झालेल्या सहा जणांपैकी एकही नव्हता. मग त्या चौघांचे काय झाले? त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. पुढे ओळखपरेडीत तिसऱ्याच माणसांकडे बोट दाखविले गेले आणि त्या बोटाच्या आधारावर सहा गळ्यांसाठी दोर तयार झाला.

त्या स्त्रीला दोष देण्याचे पाप कोणी करू नये. डोळ्यांदेखत घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाची स्मृती कागदावरील शाईसारखी स्थिर राहत नाही. म्हणूनच तर तपास नावाची गोष्ट असते. म्हणूनच तर सरकारी वकील हा फिर्यादीचा भाडोत्री वकील नसून न्यायालयाचा सहायक मानला जातो. आरोपीच्या बाजूचा कागदही न्यायासनापुढे ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. दोष आहे तो हे कर्तव्य विसरणाऱ्यांचा.

परंतु तेवढ्यावर थांबून चालणार नाही. तीन न्यायालयांनी हा खटला तपासला आणि तिन्ही ठिकाणी ही विसंगती निसटली. ती का निसटली? माझे उत्तर कटू आहे. गुन्हा जितका भीषण, तितकी आरोपीविरुद्धच्या पुराव्याची अपेक्षा आपण नकळत खाली आणतो. होणे हवे ते नेमके उलट. प्रेतांची संख्या, जखमांची वर्णने, समाजाचा संताप यांमुळे गुन्हा घडल्याचे सिद्ध होते; तो ‘याने’ केला हे त्यांतून तिळमात्र सिद्ध होत नाही. तरीही निकाल वाचताना या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेलेल्या दिसतात.

यातील कायद्याचा भागही विचारात घ्यावा असा आहे. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात घटनापीठाने सांगितले होते की, फाशी देताना गुन्ह्याइतकाच गुन्हेगाराचाही विचार झाला पाहिजे. १९९६ च्या रावजी खटल्यात मात्र दोन न्यायमूर्तींच्या पीठाने केवळ गुन्ह्याचे स्वरूप पाहिले आणि तोच कित्ता पुढे गिरविला गेला. नाशिकच्या खटल्याचा २००९ चा निकालही त्याच वाटेने गेला. त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातीलच बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की रावजीचा निर्णय घटनापीठाच्या आदेशाकडे दुर्लक्ष करून दिला गेला होता. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा जणांचे प्राण वाचविण्याची विनंती केली. नाशिकचे सहाही जण त्या तेरांत होते. त्या चुकीपायी दोघांना १९९६ आणि १९९७ साली प्रत्यक्ष फाशी दिली गेली होती, ही वस्तुस्थितीही त्या वेळी पुढे आली. त्यांच्यासाठी कोणतीही विनंती उपयोगाची नव्हती.

‘अखेर सुटलेच ना? म्हणजे आपली व्यवस्था चोख आहे,’ असा युक्तिवाद यावर हमखास केला जातो. हा युक्तिवाद तपासून पाहू. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, फाशीच्या कैद्यांचे पुनर्विलोकन अर्ज तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकावेत. तोवर असे अर्ज न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाचे म्हणणे न ऐकता निकालात निघत. हा नियम झाल्यामुळे या सहा जणांना पुन्हा दार ठोठावता आले. म्हणजे २००९ नंतर ‘तातडीने फाशी द्या’ ही लोकप्रिय मागणी मान्य झाली असती, तर २०१९ चा निर्दोष मुक्ततेचा निकाल ऐकायला एकही आरोपी जिवंत नसता. ज्या विलंबाला आपण शिव्या देतो, त्या विलंबानेच सहा निरपराध वाचविले. जी शिक्षा केवळ रेंगाळली म्हणून अन्याय टळला, तिला चोख म्हणावे काय?

शिवाय ‘सुटले’ म्हणजे काय, हेही पाहावे. सोळा वर्षे तुरुंगात गेली. त्यांतील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, असे पुढे निष्पन्न झाले. रोज मृत्यूच्या छायेत झोपायचे आणि उठायचे, हा त्यांचा दिनक्रम होता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सोळा वर्षांवर ही रक्कम पसरली तर दिवसाला सुमारे पंच्याऐंशी रुपये पडतात. चुकीच्या खटल्यांत अडकलेल्यांना भरपाईचा हक्क देणारा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात केली होती. दयेवर नव्हे तर हक्कावर आधारलेला तो कायदा अजून झालेला नाही.

हा एकच अपवाद आहे, असे म्हणून मनाचे समाधान करून घेण्याचीही सोय नाही. पुण्यात १९९४ साली झालेल्या सात जणांच्या हत्याकांडात फाशी झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा मुलगा होता, हे राजस्थानातील शाळेच्या नोंदीवरून ग्राह्य धरून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली त्याला मुक्त केले. तोवर अठ्ठावीस वर्षे उलटली होती. मुंबईच्या २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात २०१५ साली पाच जणांना फाशी झाली. त्यांसह बाराही आरोपींना जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष ठरविले. त्या पाचांतील एक जण तत्पूर्वीच, २०२१ साली, तुरुंगात मरण पावला होता. या निकालाला राज्य शासनाने आव्हान दिले, हे खरे. पण एकाच पुराव्यातून एक न्यायालय फाशी वाचते आणि दुसरे मुक्तता, हे तर निर्विवाद आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल आहेत; आणि कनिष्ठ न्यायालयांनी फाशी दिलेल्या ज्यांच्या प्रकरणांचा तेथे मागोवा घेतला गेला, त्यांपैकी जवळपास ३० टक्के पुढे निर्दोष सुटले. भटका, मजूर, निरक्षर माणूस पकडणे सोपे असते. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढीत नाही.

‘त्या उद्ध्वस्त कुटुंबाच्या जागी तुम्ही असता तर?’ हा शेवटचा आणि सर्वांत जड प्रश्न. त्याला बगल देता येणार नाही. पण खरोखर त्या कुटुंबाच्या जागी उभे राहून पाहिले, तर दिसते ते असे की सोळा वर्षे त्यांना न्यायाच्या नावाने भलतीच माणसे दाखविली गेली. अल्बममधील त्या चौघांविषयी पुढील तपास करण्याचा आदेश न्यायालयाला २०१९ साली द्यावा लागला! निरपराधाला फासावर चढविणारा समाज अपराध्याला अभय देत असतो.

दानिएलाच्या ग्रंथातील सुसान्नाची कथा आपल्या परिचयाची आहे. प्रतिष्ठित साक्षीदारांवर विश्वासून सभेने तिला मृत्युदंड ठोठावला होता. एका तरुणाने तो मोर्चा अडवून दोघा साक्षीदारांना वेगवेगळे उभे केले, एकच साधा प्रश्न विचारला, आणि त्यांची उत्तरे जुळली नाहीत. निकाल लागल्यानंतरही प्रश्न विचारणे हे धर्मकृत्य आहे, हा त्या कथेचा अर्थ आहे. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिकवणीच्या ग्रंथात बदल करून देहदंड कोणत्याही परिस्थितीत अग्राह्य ठरविला. तरीही आपल्या घरांतून, एखादी बातमी ऐकताच ‘लटकवा’ हा शब्द सहज बाहेर पडतो.

मागण्या साध्या आहेत. तपासातील प्रत्येक कागद, आरोपीच्या बाजूचा असो वा विरुद्ध, बचावपक्षाच्या हाती पडलाच पाहिजे. तो दडपणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. नाशिकच्या खटल्यात न्यायालयाने तसे बजावले होते. चुकीने गेलेल्या वर्षांची भरपाई हक्काने मिळाली पाहिजे. आणि ज्या शिक्षेतील चूक कधीच दुरुस्त होऊ शकत नाही, ती शिक्षा आपल्या कायद्यातून गेली पाहिजे. तोवर फाशीच्या प्रत्येक बातमीनंतर आपण निदान एवढे तरी विचारू या: ओळखले कोणी, केव्हा, आणि त्याआधी कोणाला ओळखले होते?