बरें झाल्यानंतरची शंका

रोग बरा होणें निराळें आणि तो बरा झाल्याची खात्री पटणें निराळें. या दोहोंच्या मधल्या अंतरांत घराचें केवढें सुख हरवतें, हें परवां लातुरास आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें; तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या आत्याबाई नांदेडच्या. तरुणपणीं एका बाळंतपणांत त्यांना रक्त द्यावें लागलें होतें. त्या काळीं दात्याच्या रक्तांत ‘हिपॅटायटिस सी’चा विषाणु शोधण्याची सोय नव्हती. बहुधा त्याच वाटेनें शिरून यकृतांत दडलेला हा शत्रु तीन वर्षांपूर्वीं उघडकीस आला. बारा आठवडे गोळ्या घेतल्यावर त्यांना हुशारी वाटूं लागली. यंदा मोतीबिंदू काढण्यासाठीं त्या लेकीकडे लातुरास आल्या, तों शस्त्रक्रियेपूर्वींच्या तपासणींत कागदावर पुन्हां तोच ‘सी’! त्या रात्रीं आत्याबाईंचें ताट निराळें झालें. नातवंडांस आजीजवळ निजण्याची मनाई झाली. त्या कोणास कांहीं बोलल्या नाहींत. मुकाट्यानें आपली पेटी भरूं लागल्या.

वास्तविक त्या कागदांत घाबरण्याजोगें कांहींच नव्हतें. शस्त्रक्रियेपूर्वीं करतात ती तपासणी अँटीबॉडीची, म्हणजे शरीरानें विषाणूशीं दिलेल्या झुंजीच्या खुणेची. गोदावरीचा पूर ओसरला तरी घाटाच्या पायऱ्यांवर गाळाची रेघ राहतेच. तशी ही खूण रोग गेल्यावरही बहुधा जन्मभर राहते. विषाणु प्रत्यक्ष आहे कीं नाहीं, हें सांगणारी तपासणी वेगळी. तिला आर.एन.ए. तपासणी किंवा ‘व्हायरल लोड’ म्हणतात. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनीं ती करावी. उलटावयाचा रोग बहुधा याच मुदतींत उलटतो. त्यानंतर विषाणु न सांपडल्यास रोग गेला असें वैद्यकशास्त्र मानतें. मग तो आपण होऊन परतणें अत्यंत विरळा.

आम्हीं तो कागद मागितला. तो नव्हताच! “अंगांत बरें वाटत होतें, मग पुन्हां सुई कशाला टोचून घ्यावी?” असें आत्याबाई म्हणाल्या. पुष्कळांची चूक होते ती हीच.

हा विषाणु ओळखला गेला १९८९ सालीं, आणि त्या शोधाबद्दल ऑल्टर, हौटन व राइस यांस २०२० चें नोबेल पारितोषिक मिळालें. पूर्वीं कित्येक महिने, कधीं वर्षभरही, सुया टोचूनही पुष्कळांस गुण येत नसे. २०१५ पासून नव्या गोळ्या आपल्याच देशांत तयार होऊं लागल्या, आणि आतां शंभरांत सुमारें ९५ रोगी बरे होतात. उरलेल्यांसाठीं दुसऱ्या औषधांची योजना आहे. २८ जुलै २०१८ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत. नांदेड व लातूर या दोन्ही गांवीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. चौकशी प्रथम तेथेंच करावी.

मात्र निर्धास्तपणालाही मर्यादा आहे. एकदां बरें झाल्यानें पुढें संरक्षण मिळत नाहीं, आणि या रोगावर लसही नाहीं. म्हणून दुसऱ्याचा वस्तरा वा वापरलेली सुई टाळावी. ज्यांचें यकृत आधींच आकसून कठीण झालें आहे, त्यांनीं बरें झाल्यावरही दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करावी. कारण त्यांस यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, पण पुरता जात नाहीं.

आणि ताट? हा रोग रक्तावाटे पसरतो. ताटावाटे, पंगतीवाटे वा नातवाला कुशींत घेतल्यानें नव्हे. म्हणजे विषाणु खरोखरच परतला असता, तरीही निराळ्या ताटाचें कारण नव्हतें. हें डॉक्टरांच्या तोंडून ऐकतांच लेकीनें आर.एन.ए.च्या निकालाची वाट पाहिली नाहीं. त्याच रात्रीं आईचें पान आपल्या पानाशेजारीं मांडलें. निकाल चार दिवसांनीं आला. विषाणु नव्हता.

तो कागद आतां आत्याबाईंच्या पेटींत, शेताच्या सात-बाराबरोबर जपून ठेवला आहे. ज्यांच्या घरीं असें आजारपण होऊन गेलें असेल, त्यांनीं आपल्या पेटींत तो आहे ना, हें आजच पाहावें.