नवीन विंडोज आली, पण शाळेच्या कॉम्प्युटरची चावी कुणाकडे?



गेल्या काही महिन्यांत शिक्षकांच्या ग्रुपवर एक प्रश्न सारखा येतोय. "सर, शाळेच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकायची का? जुनीच चालू ठेवली तर काय बिघडतं?" उत्तरंही दोन टोकांची येतात. कुणी म्हणतं, "लगेच टाका, नाहीतर व्हायरस येईल." कुणी म्हणतं, "हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे, काही टाकू नका."

मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. माझं मत आधीच सांगते. शाळेच्या बाबतीत विंडोज नवी की जुनी हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की त्या मशीनमध्ये मुलांची माहिती आहे का? आणि असेल, तर तिची चावी कुणाच्या हातात आहे?

हा प्रश्न आत्ताच का आला?

विंडोज १० ही २०१५ साली आली आणि विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ ला. बरीच वर्षं दोन्ही सोबत चालल्या, म्हणून आपण निवांत होतो. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कोणताही कॉम्प्युटर बंद पडला नाही. सकाळी बटण दाबलं की तो सुरू होतो, प्रिंट निघते, एक्सेल उघडतं. म्हणूनच अनेकांना वाटतं, की काहीच झालं नाही.

सपोर्ट संपणं म्हणजे काय, हे शाळेच्या कुंपणावरून समजून घेऊ. कुंपणाला भोक पडतं. शिपाईमामा फेरी मारतात, भोक दिसलं की तार बांधतात. आता मामा निवृत्त झाले आणि जागा रिकामीच राहिली. कुंपण काही त्याच दिवशी पडत नाही, पण नवीन पडलेलं भोक बुजवणारं कुणी नाही. भोक कुठे आहे हे चोराला कळतं, आपल्याला कळत नाही.

ही नुसती भीती नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला जगभर पसरला. कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद व्हायच्या आणि त्या सोडवायला पैसे मागितले जायचे. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केलं ते वाचले. ज्यांनी 'नंतर बघू' म्हटलं किंवा ज्यांची विंडोज सपोर्टबाहेर गेली होती, ते सापडले.

वापरून काय वाटलं?

आमच्या शाळेत लोकसहभागातून एक नवा लॅपटॉप आला. त्यात विंडोज ११ आहे. दोन महिने रोजचं काम त्यावर केल्यावर माझं मत असं.

स्टार्टचं बटण डावीकडून मध्ये आलंय. सुरुवातीला हात चुकीच्या कोपऱ्यात जातो, पण सेटिंगमधून ते परत डावीकडे नेता येतं. राइट क्लिक केल्यावर छोटा मेनू येतो आणि नेहमीच्या काही गोष्टींसाठी आणखी एक क्लिक करावा लागतो. याचा कंटाळा येतो. वर्डपॅड नव्या आवृत्तीतून काढून टाकलंय. नोटपॅडमध्ये मात्र आता एकाच खिडकीत अनेक फायली उघडता येतात. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड आतच मिळतात, म्हणजे कुठूनतरी वेगळं सॉफ्टवेअर डाउनलोड करायची गरज नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. हे विंडोज १० मध्येही होतं, पण अनेकांना माहीत नसतं म्हणून सांगितलं.

थोडक्यात, रोजच्या कामात फार मोठा फरक नाही. नुसतं दिसायला छान आहे म्हणून कुणी खर्च करणार असेल, तर मी नको म्हणेन. खरा फरक आतल्या सुरक्षेत आहे आणि अडचणही तिथेच आहे.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि 'टीपीएम २.०' नावाची सोय लागते. टीपीएम म्हणजे कॉम्प्युटरमधली छोटी तिजोरी समजा. कुलुपांच्या किल्ल्या त्यात राहतात. शिवाय प्रोसेसरही कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आता आपल्या शाळांमधले कॉम्प्युटर आठवा. कुणी माजी विद्यार्थ्याने दिलेला, कुणी बँकेने जुना झाला म्हणून दिलेला, कुठे दहा वर्षांपूर्वीच्या लॅबमधला. यातले बरेच या अटींत बसणार नाहीत. चालू स्थितीतल्या मशीनला केवळ अटीत बसत नाही म्हणून भंगार म्हणणं मला पटत नाही. कंपनीवर माझा हा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे असं मला वाटतं.

आपल्या मशीनमध्ये असतं काय?

आता मुद्द्याचं बोलू. शाळेचा कॉम्प्युटर म्हणजे फक्त कविता ऐकवायचं साधन राहिलेलं नाही. यू-डायस प्लसची माहिती, विद्यार्थ्यांच्या याद्या, आईचं नाव, जन्मतारीख, जात-प्रवर्ग, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर, शिष्यवृत्तीसाठी बँक खाती. हे सगळं कुठल्यातरी एक्सेल शीटमध्ये असतं आणि ती शीट बहुतेक वेळा डेस्कटॉपवरच पडलेली असते.

जनरल रजिस्टर आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो. कुणी अनोळखी माणूस आला आणि म्हणाला, "मॅडम, रजिस्टर घरी नेतो, उद्या आणतो," तर आपण देऊ का? पण तीच माहिती असलेला कॉम्प्युटर आपण दुरुस्तीला दुकानात ठेवून येतो. पासवर्डही कागदावर लिहून देतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय आणि बालकाच्या माहितीबद्दल जास्त काळजी घ्यायला सांगितलंय. कायदा बाजूला ठेवला, तरी पालकांनी ती माहिती विश्वासाने आपल्याकडे दिलेली असते.

माझी सगळ्यात मोठी काळजी

नवीन विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागते. होम आवृत्तीत तर इंटरनेट आणि अकाउंट दोन्ही लागतात. शाळेत सहसा काय होतं? लॅपटॉप देणारा दुकानदार किंवा गावातला जाणकार मुलगा स्वतःचा ईमेल टाकतो, सगळं सुरू करून देतो आणि चार आकडी पिन सांगून जातो. आपण खूश. काम झालं.

पण आता बघा काय काय झालं. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर या अकाउंटने सुरुवात केली, की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. लॅपटॉप चोरीला गेला तर आतलं कुणाला वाचता येऊ नये म्हणून ही चांगली सोय आहे. पण त्या कुलुपाची ४८ आकडी रिकव्हरी की ज्याचं अकाउंट आहे त्याच्या खात्यात जाऊन बसते. उद्या एखाद्या बिघाडानंतर मशीनने ती की मागितली आणि तो मुलगा पुण्याला नोकरीला गेलेला असला, तर वर्षभराच्या नोंदी गेल्याच समजा.

दुसरी गोष्ट वनड्राइव्हची. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फायली इंटरनेटवर साठवायची सोय सेटअपमध्येच सुरू होऊ शकते. म्हणजे मुलांची यादी आपल्या टेबलावर आहे असं आपल्याला वाटतं, आणि तिची एक प्रत दुसऱ्याच माणसाच्या खात्यात जात असते. त्या माणसाच्या मनात काही वाईट नसेल. त्याला कदाचित ठाऊकही नसेल. पण किल्ली त्याच्याकडे आहे, हे खरं.

याला विंडोज ११ वाईट आहे म्हणून भागत नाही. उलट तिचं कुलूप जास्त मजबूत आहे. मजबूत कुलुपाची किल्ली परक्याकडे राहिली, तर त्रास जास्त होतो, एवढाच मुद्दा.

'फुकटात टाकून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध

दुसरा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. पेनड्राइव्ह आणतात, "आधी अँटिव्हायरस बंद करा" म्हणतात आणि अॅक्टिव्हेटर चालवतात. जो माणूस घरात यायच्या आधी कुत्रा बांधायला सांगतो, त्याच्यावर लक्ष ठेवावं. अशा अॅक्टिव्हेटरसोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येऊ शकतात. तसंच, टीपीएमची अट चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवता येते, पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अपडेटसाठीच तर हा खटाटोप आहे. तीच हमी नसेल, तर मिळवलं काय?

मग करायचं काय?

मशीनची वाटणी कामाप्रमाणे करा, असं माझं म्हणणं आहे.

१. मुलांची माहिती, पोर्टल, बँकेचं काम एकाच मशीनवर ठेवा. ते मशीन सपोर्ट असलेलंच हवं. नवं घ्यायला पैसा एकाच मशीनचा असेल, तर तो इथे लावा.

२. त्या मशीनसाठी शाळेच्या नावाचा ईमेल काढा. सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट कुणाचं आहे ते आजच बघा. दुसऱ्याचं असेल तर आधी फायलींची प्रत काढा, मग बदलून घ्या. रिकव्हरी की छापून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा आणि बदली झाल्यावर चार्ज देताना यादीत लिहा.

३. मुलांसाठी वेगळं साधं युजर खातं करा. अॅडमिनचं खातं मुलांच्या हाती नको.

४. जुनं मशीन 'पीसी हेल्थ चेक' या मायक्रोसॉफ्टच्याच प्रोग्रामने तपासा. अटीत बसलं तर विंडोज १० वरून ११ चं अपग्रेड मोफत आहे. नाही बसलं, तर घरगुती वापराच्या विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट्सची सोय जाहीर झाली आहे. शैक्षणिक परवाना असलेल्या संस्थांना ती तीन वर्षांपर्यंत घेता येते, पहिल्या वर्षी दर मशीनमागे एक डॉलर.

५. बाकीची जुनी मशीन्स भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स टाका. केरळच्या सरकारी शाळांत उबुंटूवर आधारलेली स्वतःची लिनक्स कितीतरी वर्षं चालू आहे. सी-डॅकनेही 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स तयार केली आहे. चित्र काढायला, टायपिंग शिकायला, गणिताचे खेळ खेळायला मुलांना विंडोजच लागते असं नाही.

६. आठवड्यातून एकदा महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. लावून ठेवली तर हल्ल्यात तीही जाते.

पालकांना दोन शब्द

शाळेला कॉम्प्युटर दिलात, फार चांगलं केलंत. पण व्यवस्थापन समितीच्या बैठकीत रंगरंगोटीबरोबर हाही प्रश्न विचारा, "आमच्या मुलांची माहिती कुठल्या मशीनमध्ये आहे आणि पासवर्ड कुणाकडे आहे?" शिक्षकांनी राग मानू नये. आणि हाच प्रश्न घरच्या लॅपटॉपलाही लावा.

विचारल्याने फरक पडतो. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली होती. काही खास नव्या लॅपटॉपवर दर थोड्या सेकंदांनी स्क्रीनचा फोटो घेऊन ठेवायचा, म्हणजे आधी पाहिलेलं शोधता येईल. सुरक्षा तज्ज्ञांनी त्यातले धोके दाखवून दिले, तेव्हा कंपनीला ती पुढे ढकलावी लागली आणि नंतर 'वापरणाऱ्याने स्वतः चालू केली तरच' या अटीवर आणावी लागली. एवढी मोठी कंपनी प्रश्नांपुढे थांबते, तर आपण आपल्या शाळेत विचारायला काय हरकत आहे?

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास काढा. वरच्या यादीतला फक्त दुसरा मुद्दा तपासा. अकाउंट कुणाचं निघालं, ते केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत जरूर सांगा. बाकी पाच मुद्दे सावकाश केले तरी चालतील.