परतीचा उतार

भिवंडीहून इंदूर किंवा बेंगळुरूकडे निघालेली गाडी जाताना घाट चढते आणि येताना उतरते. आपले गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने त्यात बदल होणार नाही. इंदूरकडून येताना आधी बिजासनचा घाट उतरून पळासनेर, मग इगतपुरीनंतर कसारा. बेंगळुरूकडून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आणि पुढे बोरघाट. म्हणजे हे सगळे अवघड उतार परतीच्या वाटेवर येतात. ड्रायव्हर तोवर दोन-तीन रात्रींचा जागा असतो. आणि ट्रिपचा नेमका हाच अर्धा भाग आपण आखत नाही.

जातानाची तयारी आपण चोख करतो. नॅशनल परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, बिल्टी, ई-वे बिल, सगळे तपासून गाडी सुटते. परतीचे भाडे मात्र तिकडचा दलाल फोनवर ठरवतो. माल कोणता, वजन किती, काटा झाला का, हे आपल्याला बहुतेक वेळा गाडी निघाल्यावर कळते. एक-दोन टन जास्त घेतले तर काय होते, असे म्हणणारे मालक मला आजही भेटतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, त्यावर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जास्तीचा माल तिथेच उतरवण्याचा खर्च वेगळा. पण मला दंडापेक्षा ब्रेक ड्रमची काळजी वाटते. ते एक-दोन टन बिजासनच्या उतारावर ड्रमलाच पेलावे लागतात. सारखा पाय ठेवला की ड्रम तापतो, लायनरची पकड सुटते, आणि मग पेडल कितीही दाबले तरी गाडी थांबत नाही.

4 जुलै 2023 रोजी पळासनेरला मध्य प्रदेशाकडून येणारा कंटेनर पुढच्या गाड्यांना ठोकरत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान 10 माणसे गेली. 20 नोव्हेंबर 2022 ला नवले पुलाजवळ एकाच अवजड गाडीने अनेक वाहने उडवली. ब्रेक फेल झाला, अशी बातमी आधी आली. तपासात पुढे आले ते वेगळेच: डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केले होते. 13 नोव्हेंबर 2025 ला त्याच उताराने पुन्हा बळी घेतले.

न्यूट्रल टाकून इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीतली हवा ब्रेकच्या प्रत्येक दाबाबरोबर घटत जाते आणि भरून येत नाही. गाडी गिअरमध्ये असताना इंजिन तिला मागे ओढून धरते, तो आधारही जातो. हे अनुभवी ड्रायव्हरला कळत नाही असे नाही. तरीही तो न्यूट्रल टाकतो, कारण डिझेलचा हिशेब आपण लिटरला किती किलोमीटर यावर धरतो आणि कमी पडले तर त्याच्या भत्त्यातून कापतो. घाटाच्या रस्त्यावर ही कपात ठेवायची आणि केबिनमध्ये ‘सावकाश चालवा’चे स्टिकर लावायचे, हे बरोबर नाही. घाटाच्या मार्गाला वेगळा अॅव्हरेज धरा.

आता झोपेबद्दल. गेल्या महिन्यात दापोड्याच्या गोदामगल्लीत एक ड्रायव्हर भेटला. सकाळी नऊला गाडी लावलेली, भरणा सुरू झाला संध्याकाळी सातला, ताडपत्री ओढून रस्सा आवळेपर्यंत रात्रीचा एक वाजला. दिवसभर रांग पुढे सरकेल म्हणून तो पडूही शकला नव्हता. दर अर्ध्या तासाला गाडी दोन हात पुढे घ्यायची. सव्वाला पार्टीचा फोन आला, “निघालास का?” तोंडावर पाणी मारून त्याने सेल्फ मारला. माल इंदूरला जायचा होता.

ट्रिपशीटवर या माणसाची ट्रिप सव्वाला सुरू झाली. खरे तर त्याचा दिवस तेव्हा सोळा तासांचा होऊन गेला होता. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तास काम, लांब पल्ल्याला फार तर 10, आणि सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे ठरवले होते. गोदामासमोर खोटी झालेले तास आपण कोणत्या खात्यात धरतो? पार्टीकडून खोटीचे पैसे मागताना ते काम असते. ड्रायव्हरला झोप द्यायची वेळ आली की तो आराम होतो.

कागदाची घाई असते, असे सांगितले जाते. तीही खरी नाही. 1 जानेवारी 2021 पासून ई-वे बिलाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. इंदूर इथून सुमारे साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे तीन दिवस. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर 8 तासांत वाढवून घेता येते. माल दुसऱ्या गाडीत चढवला तर भाग-ब मध्ये तिचा नंबर टाकायचा. कायदा तीन दिवस देत असताना उद्या दुपारी माल पोचेल असा शब्द आपण आपल्या तोंडाने देतो. तो वेळ आपण ड्रायव्हरच्या झोपेतून काढतो. माझ्या मते भाडे ठरवतानाच पार्टीला स्पष्ट सांगावे: भरणा संपल्यावर गाडी सहा तास उभी राहील, मग निघेल. चार पार्ट्या नाराज होतील. सगळ्यांनी सांगितले तर नाराज पार्टी जाणार कुठे?

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण आपल्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत, आणि झोपायला जागा लागते तसा वेळही लागतो.

दापोड्याच्या त्या ड्रायव्हरच्या मालकाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. त्यांनी गाडी इगतपुरीच्या पुढे एका ढाब्यावर थांबवून त्याला झोपू दिले होते. पुढे परतीचा माल भरल्यावर त्यांनी काट्याची पावती फोनवर मागवली. बिजासनच्या माथ्यावर अर्धा तास थांबायचे, हवेचा काटा बघायचा, आणि ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, एवढे बजावले. कसारा त्याने दिवसाउजेडी उतरला. गाडी एक दिवस उशिरा आली. त्या दिवसाचे भाडे बुडाले, ते मालकांनी आपल्या खिशातून सोसले. ट्रिपशीटच्या मागच्या बाजूला त्यांनी आता परतीचा रकाना छापून घेतला आहे.