जीप दुरुस्त झाली, पुढे काय?

आमच्या संघटनेकडे १९९४ सालची एक जीप आहे. डिझेलवर चालणारी, फोर व्हीलची. नाशिकहून पेठला जाताना लागणारा सावळघाट तिनं किती वेळा ओलांडला, त्याची मोजदाद नाही. गेल्या उन्हाळ्यात तिच्या इंजिनाचं काम आम्ही तिघींनी स्वतः केलं. त्याचं खूप कौतुक झालं, फोटो निघाले, जीपला हारही घातला गेला. मला मात्र लिहायचंय ते त्यानंतरच्या दोन महिन्यांबद्दल.

आधी काय झालं ते सांगते. रेडिएटरचा पाइप चिरला होता, थेंब थेंब पाणी जात होतं आणि आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. घाटात इंजिन तापलं आणि हेडचं पॅकिंग गेलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि ऑइल पाहावं तर दुधाच्या चहासारखं. गॅरेजवाल्यानं सांगितलेला खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "तुम्हीच उघडा, मी शेजारी बसतो." ते खरंच नुसते शेजारी बसले. आम्ही हेड उतरवलं, ते सपाट आहे ना हे लेथवाल्याकडून तपासून घेतलं, नवं पॅकिंग बसवलं. बोल्ट मधल्यापासून कडेपर्यंत, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं आवळले.

इंजिन सुरू झालं तेव्हा आम्ही नाचलो. काकांनी मात्र एक कागद लिहून दिला. जुन्या घडणीचं पॅकिंग चालता चालता दबतं, म्हणून चारपाचशे किलोमीटर झाल्यावर इंजिन पूर्ण गार करून बोल्ट पुन्हा आवळायचे. आधीच्या ऑइलमध्ये पाणी गेलं होतं, म्हणून नवं ऑइलही लवकर बदलायचं. रोज सकाळी, इंजिन गार असतानाच, पाणी आणि ऑइल पाहायचं. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटायची नाही. आणि लो गिअर लावून चिखलातून सरकताना वेग कमी म्हणून वारा कमी, इंजिनाचे फेरे मात्र जास्त. तेव्हा तापमानाच्या काट्यावरची नजर हलवायची नाही.

कागद ऑफिसच्या भिंतीवर चिकटला आणि तिथंच राहिला. शिबिर आलं, मग मोर्चा आला. आठशे किलोमीटर झाले तरी बोल्ट आवळले गेले नाहीत.

जुलैत एका रात्री दीड वाजता एका पाड्यावरून फोन आला. नवऱ्यानं बायकोला मारून लेकरासकट घराबाहेर काढलं होतं. आम्ही दोघी निघालो. तिला घेऊन परतताना चिखलात लो गिअर लावला आणि काटा वर चढू लागला. थांबलो. बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर हेडच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. इंजिन निवेपर्यंत तासभर आम्ही तिघी आणि ते लेकरू अंधारात बसून होतो. तिचं सासर मागे जेमतेम दीड किलोमीटरवर. लांब कुठं दिवा हलला की ती माझा हात घट्ट धरायची. मग कॅनमधलं प्यायचं पाणी रेडिएटरमध्ये ओतून, हळूहळू, उजाडता उजाडता तालुक्याला पोचलो. दुसऱ्या दिवशी बोल्ट आवळले, पाझर थांबला. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

हे का घडलं? आम्हाला येत नव्हतं म्हणून नाही. इंजिन उघडणं हे आम्ही 'काम' मानलं आणि नंतर रोज पाहणं हे 'लक्ष ठेवणं' मानलं. लक्ष ठेवण्याला तास नाहीत, मानधन नाही, अहवालात रकाना नाही. घरकामाबद्दल हेच आपण वर्षानुवर्षं सांगत आलो ना? आणि आमच्या ऑफिसात ते कुणाकडे गेलं? सगळ्यात धाकट्या, पाड्यावरून आलेल्या कार्यकर्तीकडे. "जाता जाता बघ गं!" एमएसडब्ल्यू झालेली मी अहवाल लिहीत होते. पाना मी फोटोपुरता धरला होता, हे कबूल करते.

बैठकीत एका मैत्रिणीनं मुद्दा मांडला: जीप विकू, भाड्याची गाडी घेऊ. मुद्दा रास्त आहे. जुन्या गाडीचा धूर, सुट्या भागांची शोधाशोध, यात आपला वेळ जातो. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते. त्या तपासणीत ती ज्या दिवशी बसणार नाही, त्या दिवशी मी स्वतः ती भंगारात नेईन. पण आज भाड्याची गाडी म्हणजे काय? ड्रायव्हर बहुधा त्याच गावचा, नवऱ्याच्या भावकीतला. बाईला कुठं नेलं हे सकाळच्या चहाआधी सासरी कळतं. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, तिचा आधारही आहे. पण ती आजाऱ्यासाठी. मारहाणीतून सुटून माहेरी जायचंय, अशा बाईला आपलीच गाडी लागते.

उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या, ते आपण अभिमानानं सांगतो. पण पंप वर्षानुवर्षं चालतो तो नंतरच्या देखभालीवर.

म्हणून ज्या गटांकडे जुनी जीप आहे त्यांना माझं सांगणं एवढंच: देखभालीचे तास कामाच्या तासांत धरा आणि त्यांचं मानधन द्या. गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, किती पाणी घातलं, ऑइल किती, आणि पाहणारीची सही. ही पाळी सगळ्यांची असू द्या, पदाधिकाऱ्यांचीही. आणि बोल्ट आवळायची तारीख मोर्चाच्या तारखेइतकीच ठळक लिहा.

आमची वही ऑगस्टपासून सुरू झाली. पहिल्या पानावर पहिली सही माझी आहे. हात काळे झाले होते, तो डागही त्या पानावर आहे.